लेन्स काढून ठेवली तरी डोळा लालच, उजेड सहन होत नाही. घरातले ड्रॉप टाकू का?

मध्यरात्र:

माझा उजवा डोळा काल सकाळपासून लाल आहे. नंबर उजव्याला उणे साडेसहा, डाव्याला उणे सव्वासात. महिनाभर वापरायच्या सॉफ्ट लेन्स कॉलेजपासून लावते आहे. काम व्हिडिओ संपादनाचं, म्हणजे डोळ्यांना सुट्टी अशी नसतेच, त्यामुळे थोडीफार लाली मला नवी नाही. एरवी लेन्स काढून चष्मा लावला, झोप काढली की डोळा पूर्ववत.

या वेळी तसं होत नाहीये. काल उठल्यावर वरच्या पापणीखाली कण गेल्यासारखं खुपत होतं. लेन्स काढली, नळाच्या पाण्याचे भरपूर सपकारे मारले. दुपारपर्यंत खुपण्याचं दुखणं झालं. आज तर मोबाइलचा उजेड अगदी तळाला नेऊन एका डोळ्याने हे टाइप करते आहे. डोळा सारखा गळतोय, आणि त्या डोळ्याने पाहिलं तर सगळं धुरकट. आरशात पाहिलं तेव्हा काळ्या भागाच्या खालच्या बाजूला एक पांढुरका ठिपका दिसल्यासारखा वाटला, पण डोळा उघडा ठेवणंच इतकं जड जातंय की खात्री देत नाही.

कुणी विचारण्याआधीच सांगते: लेन्स धुवायचं, बुडवून ठेवायचं सोल्यूशन चांगल्या कंपनीचं आहे, तारीख उलटलेली नाही. डबी मी रोज नळाखाली स्वच्छ धुते. परवा रात्री काम आवरता आवरता लेन्ससकटच डुलकी लागली होती, तेवढंच काय ते वेगळं.

आता प्रश्न. मागे डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप खणात आहेत, अर्धी बाटली शिल्लक. लेबलवर एका अँटिबायोटिकचं नाव आणि पुढे डेक्सामेथासोन असं आहे. तेव्हा लाली पटकन गेली होती. ते टाकू का? नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर थांबलं तर चालेल ना? आणि मनातली एक भीती: वडिलांना काचबिंदू आहे. डोळा दुखला की माझ्या मनात आधी तेच येतं. हे तसं काही असू शकतं का?

दुर्बीण:

ड्रॉप टाकू नका आणि सोमवारची वाट पाहू नका. लेन्स वापरणाऱ्याचा एकच डोळा लाल, त्यात दुखणं, उजेड नकोसा होणं आणि धुरकट दिसणं, हे सगळं एकत्र आलं की आजच्या आज नेत्रतज्ज्ञ गाठायचा. चष्म्याचं दुकान नव्हे, डोळ्यांचा डॉक्टर, ज्याच्याकडे स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून बघायची दिव्याची दुर्बीण आहे असा. मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात डोळ्यांचा डॉक्टर बोलावता येतो, तिथेही चालेल.

जाताना काढलेली लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली जशीच्या तशी पिशवीत घालून घेऊन जा. धुऊ नका. डोळ्यावर कापूस ठेवून पट्टीही बांधू नका, बंद उबेत जंतू फोफावतात. काळा चष्मा लावा आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

भिंगवाला:

दुर्बीण यांनी सांगितलं ते सगळं बरोबर. मी फक्त कारणांची भर घालतो. (मध्यरात्र, तुम्ही हे आत्ता वाचत बसू नका. आधी जाऊन या.)

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लेन्स बसवून देणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे लेन्सच्या नावाने खडे फोडण्यात मला स्वारस्य नाही.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तर तो पारदर्शक राहतो. प्राणवायू त्याला थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्स लावली की मध्ये आडकाठी येते. तशात डोळे मिटून झोपलं की हवा बंद, पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून जेवढं झिरपेल तेवढ्यावर भागवायचं. पापणी लवत नाही, त्यामुळे लेन्सखालचे अश्रू जागच्या जागी साचतात. वरचा थर कमकुवत होतो, बारीक ओरखडे पडतात आणि लेन्सला चिकटलेल्या जंतूंना आत शिरायला वाट मिळते. लेन्सवाल्यांमधला सर्वांत कुख्यात जंतू म्हणजे स्यूडोमोनास. त्याला ओलसर जागा मानवते, मग ते बेसिन असो की लेन्सची डबी. त्याचा वेग ही खरी अडचण आहे. एक-दोन दिवसांत तो कॉर्निया पोखरून आरपार जाऊ शकतो. म्हणून 'सोमवारी बघू' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जखम भरते, पण तिथे पांढरा वण राहतो. जुनी माणसं 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते हेच. वण कडेला असेल तर नजरेला फारसा धक्का नाही. बरोबर बाहुलीसमोर असेल तर मात्र चष्म्याने ती नजर परत येत नाही, काहींना कॉर्निया बदलण्यापर्यंत जावं लागतं.

आता खणातली बाटली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. लाली म्हणजे शरीराने जंतूंशी मांडलेलं भांडण, आणि स्टेरॉइड ते भांडण दाबून टाकतं. डोळा वरून पांढरा दिसायला लागतो, दुखणं उतरतं, माणूस खूश. आत बुरशी, अमीबा किंवा हर्पिसचा विषाणू असेल तर त्याला मात्र रान मोकळं. डॉक्टर याच आजारात पुढे कधी कधी स्टेरॉइड देतात, पण जंतू ओळखून, तो आटोक्यात आणून, नजरेखाली ठेवून. शिवाय असे ड्रॉप आठवडेच्या आठवडे चालले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. तुमच्यासाठी तर दुप्पट कारण झालं. नुसतं अँटिबायोटिकही आपल्या मनाने सुरू करू नये, कारण मग जखमेतून घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाही आणि डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो. आणि एकदा उघडलेली ड्रॉपची बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, हे तर जवळजवळ कुणीच पाळत नाही.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'नळाखाली स्वच्छ धुते' हे मला रोज ऐकायला मिळतं, तेही अभिमानाने. नळाचं पाणी पिण्यासाठी शुद्ध असतं, लेन्ससाठी नाही. त्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. प्यायलात तर तो काही करत नाही. पण लेन्सवर बसून कॉर्नियात शिरला तर औषधांचा मारा सुरू होताच स्वतःभोवती कवच करून बसतो. पोहण्याच्या तलावात असतं तेवढ्या क्लोरीनलाही ते कवच दाद देत नाही. उपचार महिनोन्महिने चालतात, काहींचे वर्षभरही. त्याची खूण अशी की डोळ्यात दिसतं त्या मानाने दुखणं कितीतरी जास्त. सुरुवातीला तो हर्पिससारखा दिसतो आणि त्याच औषधांवर वेळ जातो. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा: लेन्सवर झोपले होते, डबी नळाच्या पाण्याने धुते, डोळ्यावर पाणी मारलं. लपवलंत तर नुकसान तुमचंच.

डबीचं शास्त्र अगदी छोटं आहे. लेन्स डोळ्यात गेली की जुनं सोल्यूशन ओतून द्यायचं, ताज्या सोल्यूशननेच डबी विसळायची, स्वच्छ टिश्यूने पुसायची आणि झाकणं काढून उपडी ठेवून वाळू द्यायची. बाथरूममध्ये नाही. डबी जास्तीत जास्त तीन महिने. उरलेल्या सोल्यूशनवर नवं ओतून 'टॉप अप' करणं सर्वांत वाईट. २००६ साली बॉश अँड लॉम्ब कंपनीने 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' हे सोल्यूशन जगभरातून मागे घेतलं, कारण ते वापरणाऱ्यांमध्ये फ्युझेरियम बुरशीचा कॉर्नियाला संसर्ग झाल्याची प्रकरणं अनेक देशांत निघाली होती. चांगल्या कंपनीचं सोल्यूशन एवढ्याने काम भागत नाही, ते असं. बाटलीवर काहीही छापलेलं असो, लेन्स तळहातावर घेऊन बोटाने चोळायची आणि मग विसळायची. चोळण्यानेच बरीच घाण जाते. आणि सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे. त्यात जंतू मारणारं काहीच नसतं.

अवलिया:

किती घाबरवाल त्या बाईंना! मी लेन्स घालूनच झोपतो, रोज. सलग महिनाभर ठेवायला कंपनीनेच मान्यता दिलेली सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आहे. कित्येक वर्षांत डोळ्याला साधी खाज नाही. शेवटी प्रत्येकाची प्रकृती असते. उलट रोज काढ-घाल करण्यातच बोटांचे जंतू जास्त जात असणार.

बाकी एक प्रश्न माझाही: लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूकडे सरकते असं माझा मेहुणा शपथेवर सांगतो. खरं का?

भिंगवाला:

अवलिया, तुमचा डोळा टिकला याचा आनंदच आहे. पण आकडे तुमच्या बाजूने नाहीत. सॉफ्ट लेन्स दिवसा वापरून रात्री काढणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला साधारण २ ते ४ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होतो. लेन्सवर झोपणाऱ्यांत तोच आकडा २० च्या आसपास जातो. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं की प्राणवायूचा प्रश्न मिटला, आता झोपा खुशाल. प्राणवायू खरंच वाढला. झोपेतल्या संसर्गाचं प्रमाण मात्र उतरलं नाही, कारण अश्रूंचं साचणं आणि जंतूंचं चिकटणं तसंच राहिलं. बोटांच्या जंतूंवर उपाय साबण आणि कोरडा पंचा. ओल्या हाताने लेन्सला हात लावायचा नाही, पुन्हा तेच पाणी.

मेहुण्याला सांगा, तसं काही होत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण मागे वळून पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेलं असतं, तिथे पुढची वाट बंद. लेन्स फार तर वरच्या पापणीखालच्या घडीत जाऊन बसते. पण तिथे किती बसू शकतात याचं एक उदाहरण आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेली ही ब्रिटनमधली गोष्ट: ६७ वर्षांच्या एका बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तयारी चालू असताना डॉक्टरांना डोळ्यात निळसर गोळा दिसला. १७ लेन्स चिकट स्रावाने एकमेकींना जोडलेल्या, आणि नंतर आणखी १०. बाईंना वाटत होतं की डोळा खुपतोय तो वयामुळे. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

मध्यरात्र:

जाऊन आले. दुर्बीण, भिंगवाला, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डॉक्टरांनी नारिंगी रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली, मग निळा दिवा लावला. म्हणाल्या, जखम असेल तिथे हिरवं चमकतं. माझ्या डोळ्यात खालच्या बाजूला चमकलं. कॉर्नियल अल्सर आहे, पण मध्यभागी नाही, कडेकडे. बधिर करायचे ड्रॉप टाकून जखम खरवडून नमुना घेतला. ते ड्रॉप पडताच दुखणं असं नाहीसं झालं की मी म्हटलं, हीच बाटली घरी द्या. त्यांनी साफ नकार दिला. ते वारंवार टाकले तर जखम भरायची थांबते आणि कॉर्निया विरघळायला लागतो म्हणे. लेन्स आणि डबी नेली होती त्याबद्दल मात्र शाबासकी मिळाली, दोन्हींची तपासणी होणार.

सध्या दर तासाला अँटिबायोटिक ड्रॉप, रात्रीसुद्धा. गजर लावून उठते. रोज दाखवायला जायचं. दुखणं कमी होतंय.

पण दुसऱ्या डोळ्याची तपासणी करताना त्या थोड्या थांबल्या. डाव्या डोळ्याच्या नसेचा खळगा मोठा वाटतोय, नसेच्या तोंडाच्या ०.६ पट असं काहीतरी, घरी कुणाला काचबिंदू आहे का? मी हो म्हटलं. दाब १७ निघाला, म्हणजे नॉर्मल. तरी उजवा बरा झाला की फील्ड टेस्ट करायला या म्हणाल्या. दाब नॉर्मल असताना काचबिंदू कसा? वर्षानुवर्षं मी नियमित नंबर तपासते, तेव्हा हे कुणीच कसं सांगितलं नाही?

सावली:

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आधी बोलते, कारण तो माझाही होता. नंबर तपासणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. नंबर काढताना बघतात ते समोरची अक्षरं किती स्वच्छ दिसतात, म्हणजे नजरेचा अगदी मधला भाग. काचबिंदू बहुतेक वेळा तिथे हातच लावत नाही, तो कडेने खात येतो. मला काचबिंदू आहे. शेवटची ओळ मी अजूनही घडाघडा वाचते, आणि खालची पायरी चुकते.

लोकांना वाटतं कडेला काळं दिसत असेल. तसं काही दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेलं मेंदू आपल्या मनाने रंगवून टाकतो. जे दिसत नाही ते दिसत नाही हेच कळत नाही. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे १० लाख तंतू असतात, ते एकेक करून गळतात, आणि बऱ्यापैकी गळेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. गळलेले परत येत नाहीत. मोतीबिंदूसारखं 'ऑपरेशन केलं की दिसेल' हे इथे नाही. जे उरलंय ते राखायचं.

दाबाचं म्हणाल तर १० ते २१ ही सरासरीवरून आखलेली रेघ आहे. काही नसांना १७ सुद्धा सोसत नाही. काहींचा दाब २४ असून नस ठणठणीत. शिवाय कॉर्निया पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं, म्हणून तुमची जाडीही मोजतील. तुम्हाला आणखी एक गोष्ट लागू आहे: मोठा उणे नंबर. अशा लांबट डोळ्यांत काचबिंदूचा धोका जरा जास्त असतो आणि नस जन्मतःच वेगळ्या घडणीची असू शकते. त्यामुळे ०.६ म्हणजे काचबिंदू झालाच असं अजिबात नाही. तुमची घडणच तशी असेल. ओसीटी (नसेच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट आज केली की तीच पुढच्या प्रत्येक वर्षाची मोजपट्टी.

फील्ड टेस्टचं एक सांगते. पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघायचं आणि कडेला बारीक ठिणगी दिसली की बटण दाबायचं. निम्म्या ठिणग्या मुद्दाम इतक्या मंद असतात की कुणालाच दिसू नयेत. मी पहिल्यांदा रडकुंडीला आले होते की मला काहीच दिसत नाहीये. तसं नसतं. झोप झालेली असताना जा.

आणि तुमचं दुखणं काचबिंदूचं असतं का, हा मूळ प्रश्न. नेहमीचा काचबिंदू दुखत नाही. दुखणारा एक प्रकार आहे: डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अचानक तुंबतो, दाब एकदम चढतो, डोळा लाल, दिव्यांभोवती रंगीत कडी, अर्धं डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. पुष्कळ जण पित्त किंवा अर्धशिशी समजून झोपून राहतात. त्यात तासांना किंमत असते.

ड्रॉप लागलेच तर टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं. दमा असेल तर आधी सांगा, टिमोलॉलसारख्या ड्रॉपने दम लागू शकतो. वडिलांना विचारून बघा ते कसे टाकतात. पुष्कळांचं निम्मं औषध गालावर जातं.

तुमच्या भावंडांनाही तपासायला सांगा. आमच्याकडे मी सांगितलं तेव्हा 'आम्हाला तर छान दिसतं' हेच उत्तर आलं.

दुर्बीण:

सावली यांच्या पोस्टनंतर मोठ्या उणे नंबरवाल्यांसाठी माझी भर. माझा नंबर उणे नऊ होता आणि माझा पडदा सरकला होता. रेटिना, दृष्टिपटल.

अंधारात डोळा फिरवला की कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी चमक यायची. मग एका संध्याकाळी काजळी उधळल्यासारखे काळे कण दिसायला लागले. एखाददुसरा तरंगता धागा तर मला लहानपणापासून दिसायचा, आभाळाकडे पाहिलं की असतोच, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. पण हा पाऊस होता. दुसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूने एक करडी सावली वर चढायला लागली. दुखलं अजिबात नाही. गंमत म्हणजे त्यामुळेच घरच्यांना ते गंभीर वाटेना.

सावली मध्यापर्यंत यायच्या आत ऑपरेशन झालं, म्हणून आज वाचतोय. मधला भाग सुटायच्या आधी आणि नंतर, निकालात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नुसतं भोक पडलेलं असताना गाठलं तर बसल्या बसल्या लेझरने भागतं. उणे सहाच्या पुढच्या सगळ्यांनी बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकून पडदा अधूनमधून तपासून घ्यावा. आणि लेसर करून चष्मा घालवला म्हणून हा धोका जात नाही. नंबर कॉर्नियावर घासून जातो, डोळा आतून लांबचा लांबच राहतो.

पाटीपेन्सिल:

मध्येच विचारते, राग मानू नका. आईला मधुमेह आहे, वय ६६. एका डॉक्टरांनी मोतीबिंदू 'अजून पिकला नाही' म्हणून थांबवलंय, आणि ती म्हणते मला व्यवस्थित दिसतं, पडद्याची तपासणी कशाला? परवा मात्र एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधार आला आणि आपोआप गेला. थकव्याने असेल ना?

भिंगवाला:

पाटीपेन्सिल, शेवटच्या वाक्यासाठी आधी लिहितो. एका डोळ्यापुढे मिनिटभर अंधार येऊन जाणं हा थकवा धरू नका. डोळ्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून सुटली असू शकते, आणि ती पक्षाघाताची आगाऊ सूचना असते. आजच दवाखान्यात न्या, मानेच्या रक्तवाहिन्या, हृदय, रक्तदाब सगळं बघतील. कानशिलापाशी दुखतं का, चावताना जबडा भरून येतो का, हेही विचारा. या वयात त्या भागातल्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार असतो, त्यात उशीर झाला तर दुसराही डोळा जाऊ शकतो. आणि अंधार आला तो गेलाच नाही असं कधी झालं, तर रुग्णवाहिका.

मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात, आणि सुरुवातीला नजर शाबूत असते. म्हणून 'मला दिसतं' हे उत्तर तिथे चालत नाही. टाइप २ मध्ये निदान झालं त्याच वर्षापासून दरवर्षी पडदा बघायचा, आणि लेझर किंवा इंजेक्शनची वेळ आलीच तर ती दिसत असतानाच घ्यायची. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघणं ही जुन्या ऑपरेशनच्या काळची गोष्ट. आता रोजची कामं अडायला लागली की काढतात. उलट पिकून कडक झाला तर काढणं अवघड, आणि तो पांढरा झाला की मागचा पडदा डॉक्टरला दिसतच नाही.

मध्यरात्र:

नमुन्यात स्यूडोमोनासच निघाला, डबीतही तोच. चालू औषधाला दाद देतोय. जखम बारीक झाली आहे, ड्रॉप आता चार तासांनी. फील्ड टेस्टची वेळ घेतली आहे, भावालाही ओढून नेणार आहे.

भिंगवाला, एकच: परत लेन्स लावता येतील का? आणि कधी?

भिंगवाला:

डॉक्टर 'जखम पूर्ण बंद' म्हणेपर्यंत आणि ड्रॉप थांबून काही आठवडे जाईपर्यंत नाही. डाव्या डोळ्यालाही तोवर सुट्टी. मग पुन्हा मापं घेऊन रोज नवी लावायची आणि रात्री टाकून द्यायची अशी लेन्स बघू, म्हणजे डबीच नको. ती पुसून दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. महिन्याचीच हवी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत घ्या. तिच्या खास डबीत प्लॅटिनमची चकती असते, सहा तास तरी बुडवून ठेवायचं, आणि ते द्रावण सरळ डोळ्यात गेलं तर भयंकर चरचरतं, म्हणून बाटल्यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. जुन्या लेन्स, डबी, उघडं सोल्यूशन, मस्कारा, सगळं टाका.

पण त्याआधी चष्मा नवा करा. तुमचा चष्मा किती जुना आहे मला माहीत नाही, पण मोठ्या नंबरचे बहुतेक लोक लाल डोळ्यावरही लेन्स चढवतात ते जुन्या चष्म्यातून धड दिसत नाही म्हणून. लेन्सच्या डब्यावरचा आकडा चष्मेवाल्याला देऊ नका. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असतो, त्यामुळे चष्म्यात उणे सातचा नंबर लेन्समध्ये साडेसहाच्या आसपास येतो. उजव्याचा नंबर जखम भरून कॉर्निया स्थिर झाल्यावरच काढा.

मध्यरात्र:

चष्मा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा आहे. डावी काडी सेलोटेपने चिकटवलेली. करते नवा.